फ्लोराइड वार्निश : दंतरक्षणाच्या एका उपायाचा इतिहास आणि कोल्हापूर

महाराष्ट्रात फ्लोराइड हा शब्द बहुधा तक्रारीच्या स्वरातच ऐकू येतो. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत भूजलातील जादा फ्लोराइडमुळे मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि हाडांचे विकार जडतात. कोल्हापूरचे पाणी मात्र सह्याद्रीतून येणाऱ्या नद्यांचे आहे. पंचगंगेचे असो वा काळम्मावाडी धरणातील दूधगंगेचे, त्यात फ्लोराइडचे प्रमाण सामान्यतः अल्पच असते. एकाच राज्यातील ही विषमता ध्यानी घेतली म्हणजे वार्निशच्या इतिहासाकडे आपण कोठून पाहावे हे स्पष्ट होते.

या इतिहासाचा आरंभही डागांपासूनच झाला. 1901 मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे आलेल्या फ्रेडरिक मॅके या दंतवैद्यास तेथील अनेकांचे दात तपकिरी दिसले. पुढे असे दात सहसा किडत नाहीत, हेही त्याच्या लक्षात आले. कारण सापडण्यास तीस वर्षे लागली. 1931 मध्ये एच. व्ही. चर्चिल या रसायनतज्ज्ञाने अशा पाण्यातील फ्लोराइड शोधून काढले. त्यानंतर ट्रेंडली डीन यांनी लिटरमागे सुमारे 1 मिलिग्रॅम हे प्रमाण हितकारक ठरवले आणि 1945 मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यास प्रारंभ झाला. भारतात याच सुमारास प्रश्न उलटा होता. 1937 मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात फ्लोराइडच्या अतिरेकाने होणाऱ्या विकाराची नोंद झाली होती. नळाच्या पाण्यातून सर्वांना सरसकट फ्लोराइड देण्याचा अमेरिकी मार्ग आपल्याकडे सर्वत्र लागू पडणारा नव्हता.

त्या काळी समज असा होता की, दात घडत असताना फ्लोराइड पोटात गेले पाहिजे. 1980 च्या दशकापासून हे मत मागे पडले. दात उगवल्यानंतर त्याच्या पृष्ठभागापाशी अल्प फ्लोराइड सतत उपलब्ध असणे, हेच अधिक परिणामकारक ठरते. परंतु दातांना लावलेले द्रावण लाळेबरोबर लवकर वाहून जाते, आणि साच्यात भरून दिलेली जेल लहान मुले गिळतात. 1964 मध्ये जर्मनीत श्मिट यांनी मांडलेला वार्निशचा उपाय या अडचणीवरचा होता. राळेच्या आधारद्रव्यात 5 टक्के सोडियम फ्लोराइड मिसळलेला हा लेप लाळेचा स्पर्श होताच दातावर घट्ट बसतो. गवयाच्या तंबोऱ्याला किंवा घरातील लाकडी कपाटाला चमक देणारे वार्निश आणि हे वार्निश यांचे नाते नावापुरते नाही. चिकटून राहणे हाच दोहोंचा गुण होय.

त्याचे कार्य असे चालते. दंतवल्क, म्हणजेच एनॅमल, हे कॅल्शियम व फॉस्फेटच्या स्फटिकांचे बनलेले असते. तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. सामू सुमारे 5.5 च्या खाली उतरला की स्फटिक विरघळू लागतात. वार्निशमधील फ्लोराइड दातावर कॅल्शियम फ्लोराइडसदृश सूक्ष्म साठे निर्माण करते. आम्ल वाढले की हे साठे विरघळून फ्लोराइड मोकळे होते, म्हणजे संकट आले की कोठाराचे दार उघडते. मोकळे झालेले फ्लोराइड स्फटिकांना चिकटून त्यांची झीज रोखते. आम्ल ओसरल्यावर लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट परत बसण्यास ते साहाय्य करते. नव्याने घडलेला फ्लोराइडयुक्त थर अधिक आम्लरोधक असतो. तो विरघळण्यास सामू सुमारे 4.5 पर्यंत उतरावा लागतो. किडीच्या प्रारंभीचे पांढरे ठिपके त्यामुळे थांबू शकतात. पडलेला खड्डा मात्र वार्निशने भरत नाही.

2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात वार्निशमुळे कायमच्या दातांतील कीड सरासरी 43 टक्के, तर दुधाच्या दातांतील 37 टक्के कमी झाल्याचे आढळले. त्याच वर्षी पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला आणि मुलांच्या आरोग्य तपासणीत दंतविकारांचाही समावेश झाला. कोल्हापूर हा गुळाचा मुलूख आहे. गूळ साखरेहून सात्त्विक, अशी येथील श्रद्धा असली तरी जिवाणूंना तो भेद कळत नाही. येथील शाळांत तपासणीबरोबरच वर्षातून दोनदा वार्निश लावता येईल. एका बालकास लागणाऱ्या पाव मिलिलिटर लेपात फ्लोराइड 6 मिलिग्रॅमहूनही कमी असते आणि लावण्यास काही मिनिटेच पुरतात. राळेची ॲलर्जी वा तोंडात व्रण असल्यास तो टाळावा. त्या रात्री दात घासू नयेत आणि दुसऱ्या दिवसापर्यंत दात पिवळट दिसतील, हे पालकांना आधीच सांगितलेले बरे.