व्यसनमुक्तीनंतरचे स्थिरीकरण : शपथेपासून संगणकापर्यंत

धुळे-जळगाव मार्गावरील, अंजनी नदीकाठचे एरंडोल हे गाव एके काळी हाताने बनविलेल्या देशी कागदासाठी प्रसिद्ध होते. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. पुढे गिरणीच्या कागदापुढे हा धंदा मागे पडला. लिहिण्याची साधने बदलत गेली. परंतु ज्याला लिहिता आणि हिशेब ठेवता येतो त्याला बाजारपेठेत स्थान मिळते, हा व्यवहार मात्र बदलला नाही. आज कागदाचे काम बहुतांशी संगणकाने घेतले आहे. व्यसनातून बाहेर पडलेल्या प्रौढ माणसाला हे नवे साधन शिकविणे हे समाजाचे कर्तव्य कसे ठरते, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

श्रावकाचार ग्रंथांनी द्यूत, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी व परस्त्रीगमन ही सप्तव्यसने त्याज्य मानली. या त्यागाची शिकवण प्रत्येक जैन घरात लहानपणापासून दिली जाते. परंतु सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांमध्ये आणखी एक गोष्ट सांगितली आहे, तिचा उच्चार त्यामानाने कमी होतो. मार्गावरून ढळणाऱ्याला पुन्हा मार्गावर स्थिर करणे, हे ते अंग होय. दिगंबर परंपरेत त्याला स्थितीकरण, तर श्वेतांबर परंपरेत स्थिरीकरण म्हणतात. त्याग ज्याचा त्याने करावयाचा असतो; स्थिरीकरण मात्र इतरांनी करावयाचे असते.

खानदेशात दारू सोडण्याच्या चळवळी पूर्वीही झाल्या. १९३७-३८ च्या सुमारास पश्चिम खानदेशात, तळोद्याजवळील मोरवड येथे गुला महाराजांनी आदिवासी बांधवांना आरतीसाठी एकत्र आणले आणि दारू सोडून स्वच्छ राहण्याची शिकवण दिली. १९३८ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य पुढे नेले. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. त्याच वर्षी आचार्य तुलसी यांनी राजस्थानातील सरदारशहर येथे अणुव्रत आंदोलनाचा प्रारंभ केला आणि व्यसनमुक्त जीवनाचा संकल्प पंथाच्या सीमेबाहेर नेला. श्रद्धा, कायदा आणि व्रत असे हे तीन मार्ग होते. तिन्हींचा भर सोडण्यावर होता. सोडल्यानंतर दिवस कसा काढावा, हा प्रश्न बहुधा ज्याच्या त्याच्या कुटुंबावर राहिला.

१९८० नंतरच्या दशकात ‘गर्द’ने महाराष्ट्रातील शहरांना ग्रासले, तेव्हा या प्रश्नाकडे वैद्यकीय दृष्टीने पाहिले जाऊ लागले. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दवर लेखमाला लिहिली. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा येथे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी त्याची घडी बसविली. व्यसनी मनुष्य हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही दृष्टी महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचविण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे. तेथील उपचारांत औषधांबरोबरच समूहचर्चा, योग आणि रुग्णांनी स्वतः करावयाची कामे यांना स्थान मिळाले.

खरी परीक्षा घरी परतल्यावर सुरू होते. नोकरी गेलेली असते, गल्ल्याची चावी काढून घेतलेली असते आणि संध्याकाळ रिकामी असते. जुने सोबती तेवढे वाट पाहत असतात. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे १९७१ साली स्थापन झालेल्या डिलान्सी स्ट्रीट संस्थेने म्हणूनच निवासींना किमान दोन वर्षे ठेवून शिक्षण व अनेक व्यवसाय शिकविण्याची पद्धत घातली. भारत सरकारनेही २०१८ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात व्यसनमुक्त व्यक्तींच्या कौशल्यशिक्षणाचा व उपजीविकेचा समावेश केला. एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात. यावरून कार्याचा आवाका लक्षात यावा.

संगणकशिक्षणाची सोय याच काळात गावोगावी आली. पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम केले. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर लहान दुकानाचे हिशेबही संगणकाशी जोडले गेले. माल नोंदविणे, बिल करणे, उधारीची यादी ठेवणे ही कामे करणारा माणूस आज प्रत्येक पेठेला हवा असतो.

मात्र बरे होत असलेल्या प्रौढाला शिकविण्याची रीत वेगळी असावी लागते. दारू सुटल्यावर पहिले काही दिवस हात थरथरतो, झोप लागत नाही, प्रसंगी जीवावरही बेतते. तो काळ डॉक्टरांचाच असतो. पुढेही काही आठवडे स्मरण व एकाग्रता मंद राहते, म्हणून पाठ लहान असावेत आणि उजळणी पुष्कळ असावी. माउसवर हात बसावा म्हणून पूर्वी अनेक ठिकाणी विंडोजमधील पत्त्यांचा खेळ खेळावयास देत. ज्याचे घर जुगाराने बुडाले, त्याच्यापुढे पत्ते मांडणे योग्य नाही. त्याला चित्र काढावयास द्यावे. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलकात स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला असतात. ही रचना इंग्रजी न येणाऱ्यालाही शिकता येते. त्यानंतर तक्त्यात घरचा रोजचा खर्च मांडावा. स्वतःच्या पैशाचा हिशेब दिसू लागणे, हे ज्याने तो वर्षानुवर्षे टाळला त्याच्यासाठी मोठेच पाऊल असते. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला कॉलेजच्या मुलांशेजारी बसण्याचा संकोच वाटतो. त्याची वेळ वेगळी ठेवावी आणि तो कोठून आला याची वाच्यता करू नये. दुसऱ्याचे दोष झाकणारे उपगूहन हेही सम्यग्दर्शनाचेच अंग आहे.

सावधगिरीही हवी. जे यंत्र हिशेब शिकविते तेच घरबसल्या जुगारही दाखविते. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ साली बंदीचा कायदा केला. तथापि कायद्याने व्यसन संपत नाही, हे दारूबंदीच्या इतिहासाने दाखविले आहे. म्हणून आरंभी शिक्षक जवळ असावा आणि इंटरनेट बेताने द्यावे. संगणक हे औषध नव्हे. पुन्हा पाय घसरल्यास वर्गाचे दार बंद करू नये, उपचाराकडे पाठवून परत घ्यावे. रोजच्या प्रतिक्रमणात अतिचारांची आलोचना करणाऱ्या समाजाला हे नव्याने सांगावयास नको.

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या विषयाचे स्मरण उचित ठरावे. पाठशाळेची खोली संध्याकाळी मोकळी असते, दुकानांतून बदललेले जुने पण चालू संगणक पडून असतात आणि हिशेब जाणणाऱ्या निवृत्त श्रावक-श्राविकांची समाजात उणीव नाही. सर्व जातिधर्मांच्या चार-पाच व्यक्तींसाठी आठवड्यातून तीन दिवस एक तास, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. शिकून तयार झालेल्याला एखाद्या पेढीने आधी मालाच्या नोंदीचे व कालांतराने बिलाचे काम द्यावे. व्यसन सोडण्याचा उपदेश समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केला. सोडून आलेल्याला शेजारी बसवून घेण्याचे कार्यही त्याच हातून घडो, हीच जिनेंद्रचरणी प्रार्थना.