शाळेतील दोन दरवाजे : पारलिंगी बालके आणि स्वच्छतागृहाचा प्रश्न

भारतातील शालेय स्वच्छतागृहाचा इतिहास हा प्रामुख्याने मुलींच्या शिक्षणाचा इतिहास आहे. शाळेत आडोसा नाही म्हणून वयात आलेल्या मुलीचे नाव पटावरून कमी होणे, हा ग्रामीण महाराष्ट्राचा दीर्घकाळचा अनुभव होय. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 च्या अनुसूचीत मुले व मुली यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृहांची अट आली. 3 ऑक्टोबर 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत सर्व शाळांत ही सोय करण्याचा आदेश दिला आणि 2014 पासून स्वच्छ विद्यालय मोहिमेने त्या कामास गती दिली. शाळा बुलढाणा जिल्ह्यातील उंद्रीसारख्या गावातील असो वा मुंबई महानगरपालिकेची, तिला हाच नियम लागू झाला. या सुधारणेचे मोल कमी लेखता येणार नाही. तथापि ज्या तरतुदीने मुलींना शाळेत टिकवून धरले, तिनेच लिंगभाव केवळ दोनच असतात हे गृहीतक विटा-सिमेंटात पक्के केले.

या दोन पाट्यांत न मावणारे बालक शासनदप्तरी अज्ञात होते असेही नाही. 2011 च्या जनगणनेत स्त्री व पुरुष यांखेरीज 'इतर' हा पर्याय प्रथमच देण्यात आला. त्यात देशभरात 4,87,803 आणि महाराष्ट्रात 40,891 व्यक्तींची नोंद झाली. देशातील नोंदींपैकी 54,854 बालके सहा वर्षांपर्यंतची होती. एवढ्या लहान वयाची नोंद पालकांच्या सांगण्यावरून होते, म्हणून हा आकडा जपूनच वापरावा लागतो. तरीही 2017 पर्यंत ही सारी बालके शाळेच्या वयाची झाली होती, हे विसरता येत नाही.

15 एप्रिल 2014 रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऐतिहासिक निर्णय दिला. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी या खटल्यात सहभागी होत्या. न्यायालयाने तृतीयपंथीयांना कायदेशीर ओळख दिली व त्यांच्यासाठी स्वतंत्र सार्वजनिक स्वच्छतागृहे उभारण्यास सांगितले. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतील मेन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एका पारलिंगी विद्यार्थिनीस मुलींचे स्वच्छतागृह वापरू न देणे हा भेदभाव ठरविला होता. दोन्ही निर्णय एका वर्षातले, पण त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. एकात वेगळी जागा मिळाली, तर दुसऱ्यात इतरांसोबतची. प्रौढांसाठी बाजारपेठेत स्वतंत्र स्वच्छतागृह ही सोय ठरेल. शाळेत मात्र मधल्या सुट्टीत तिसऱ्या दरवाजाकडे एकटेच जाणारे मूल साऱ्या वर्गासमोर रोज उघडे पडते. मग ते दिवसभर पाणी पिणे टाळते, किंवा शाळाच टाळते. एप्रिल 2017 मध्ये केंद्र शासनाच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाने तृतीयपंथी व्यक्तीस आपल्या पसंतीचे सार्वजनिक स्वच्छतागृह वापरू द्यावे, अशी मार्गदर्शक सूचना काढली. ही भूमिका अधिक समंजस म्हणावी लागेल.

2019 च्या अधिनियमाने शिक्षणसंस्थांतील भेदभावास मनाई केली. 2020 च्या नियमांत आस्थापनांतील स्वच्छतागृहांचा उल्लेखही आला. परंतु अज्ञान बालकाच्या ओळखपत्रासाठी पालकानेच अर्ज करावयाचा असल्याने, घरी सांगण्याचे धाडस नसलेले मूल कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिले.

शाळेचा प्रश्न थेट हाती घेतला तो राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने. 2021 मध्ये तिने शिक्षकांसाठी प्रसिद्ध केलेल्या प्रशिक्षण साहित्यात सर्वांना वापरता येतील अशा लिंगनिरपेक्ष स्वच्छतागृहांची शिफारस होती. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने त्यावर आक्षेप घेतला. घर व शाळा यांतील वातावरणात विसंगती निर्माण होऊन मुलांवर मानसिक आघात होईल, असे आयोगाचे म्हणणे होते. साहित्य संकेतस्थळावरून हटविण्यात आले, आणि मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये त्याबद्दल नापसंती व्यक्त केली. आयोगाची चिंता सर्वस्वी निराधार नव्हती, कारण तशी विसंगती खरोखरच असते. मात्र ती स्वच्छतागृहाने निर्माण केलेली नाही.

15 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुरुष, स्त्रिया, दिव्यांग व तृतीयपंथी या सर्वांसाठी स्वच्छतागृहांची सोय करण्याचा आदेश दिला. तो न्यायालयांच्या आवारांपुरता होता.