पंपाची पोचपावती

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या महिन्यातच शिकवतात. नुसता निरोप पाठवून भागत नाही, तो पोचला आणि काम झालं, हे उलट कळलं पाहिजे. थोडक्यात, पोचपावती हवी. फोनवरून विजेची उपकरणं चालवायचा इतिहास वाचताना मला सारखं जाणवत होतं, की ही सगळी गोष्ट त्या पोचपावतीचीच आहे.

सुरुवात होते अमेरिकेतल्या वीज उपकेंद्रांपासून. दूरच्या उपकेंद्रात स्विच टाकायला चोवीस तास माणूस बसवावा लागे. त्यासाठी वेगळ्या तारा ओढायच्या तर खर्च अफाट, पण टेलिफोनच्या तारा आधीच पोचलेल्या होत्या. १९२७ साली वेस्टिंगहाऊस कंपनीतल्या रॉय वेन्स्ली या इंजिनिअरने 'टेलेव्हॉक्स' नावाचं यंत्र दाखवलं. फोनवर ठराविक पट्टीचा सूर वाजवायचा, पलीकडचं यंत्र तो ओळखून रिले चालवणार आणि मग बझरच्या आवाजाने उलट कळवणार. म्हणजे पोचपावती पहिल्या दिवसापासून होती! गंमत म्हणजे पुढे कंपनीने याच यंत्राला पुठ्ठ्याचे हातपाय लावून यंत्रमानव म्हणून मिरवलं. लोकांच्या लक्षात राहिला तो पुठ्ठा.

पुढचा टप्पा १९६३ चा. जुन्या गोल डायलच्या फोनमध्ये आकडा फिरवला की तारेतला प्रवाह तितक्या वेळा तुटायचा. हे झटके एक्स्चेंजसाठी असत, समोरच्या फोनपर्यंत नीट पोचत नसत. १८ नोव्हेंबर १९६३ ला बेल सिस्टीमने पेनसिल्व्हेनियात बटणांचा 'टच-टोन' फोन ग्राहकांना द्यायला सुरुवात केली. यात प्रत्येक बटणामागे दोन सूर एकदम वाजतात. ५ दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्झ. दोन अशासाठी, की माणसाच्या बोलण्यातून चुकून तीच जोडी तयार होऊ नये. आणि हे सूर आवाजाच्याच वाटेने जात असल्यामुळे फोन लागल्यावरही पलीकडे ऐकू जातात. झालं, घरातला प्रत्येक फोन रिमोट बनू शकत होता.

माझ्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांना पुढचं पाठ असेल. '८८७०' नावाची चिप, तिच्यापुढे रिले, रिलेला बल्ब. लॅमिंग्टन रोडवरून सामान आणायचं, व्हायवाला बल्ब पेटवून दाखवायचा, की प्रोजेक्ट संपला. बल्ब डोळ्यांसमोरच असतो, त्यामुळे तो पेटला का, हे विचारायची वेळच येत नाही.

शेतकऱ्याचा पंप मात्र डोळ्यांसमोर नसतो. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं शेतीला वीज पाळीपाळीने मिळत आली, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी म्हणजे बॅटरी घेऊन अंधारात विहिरीपर्यंत जायचं. वाटेत साप-विंचू, आणि तिथे पोचल्यावर वीजच नाही! यावर लोकांनी उपाय काढला 'ऑटो स्विच'चा, वीज आली की पंप आपोआप सुरू. पण एका डीपीवरचे सगळे पंप एकाच क्षणी उठले की ट्रान्सफॉर्मरवर एकदम भार येतो. तो जळला की अख्ख्या शिवाराचं पाणी बंद. शिवाय विहिरीत पाणी आहे का, हे ऑटो स्विचला कुठून कळणार?

पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी नेमका हाच प्रश्न धरला. त्यांच्या आजोबांना पंपासाठी पायपीट करावी लागायची. त्यांच्या 'नॅनो गणेश'मध्ये पंपाच्या स्टार्टरला मोबाईल जोडला जातो. शेतकरी घरून फोन लावतो, वीज आहे की नाही हे आवाजावरून कळतं, मग कोड दाबून पंप चालू किंवा बंद करता येतो. २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत त्याला बक्षीसही मिळालं.

मला यातली खरी करामत कोड दाबण्यात वाटत नाही, ते तर आम्ही कॉलेजातही करत होतो. 'वीज नाही' हे उत्तर ऐकून शेतकरी कूस बदलून पुन्हा झोपू शकतो, ही खरी करामत. आज ॲपवरून दिवाणखान्यातला दिवा बंद करताना आपली वाचतात ती चार पावलं. तिथे एका नकारात अख्खी रात्र वाचते.