एका कोटेशनची अडीचशे वर्षे

#थ्रेड

१/ मशीन शॉपने इंजिनाच्या बांधणीसाठी दिलेले कोटेशन हा इतिहासाचा कागद असू शकतो का? मध्यंतरी एका तरुण वाचकाने मला अशी दोन कोटेशने पाठवली. त्याच्या जुन्या स्पोर्ट्स गाडीचे इंजिन उघडावयाचे होते. पहिले कोटेशन एका ओळीचे: 'इंजिन संपूर्ण बांधणी, सर्व कामांसह', आणि पुढे एक गोल रक्कम. दुसरे दोन पानांचे आणि जवळजवळ दुप्पट रकमेचे.

२/ त्याचा प्रश्न सरळ होता: दुसरा लुबाडतो आहे, की पहिला काही लपवतो आहे? दोन वर्षांची बचत त्या उत्तरावर अवलंबून होती. मी त्याला म्हटले, किमतीकडे नंतर पाहू. आधी अठराव्या शतकात जाऊन येऊ. कारण जेम्स वॅटपुढेही नेमका हाच पेच उभा होता.

३/ वॅटने १७६९ मध्ये वाफेच्या इंजिनातील वेगळ्या कंडेन्सरचे पेटंट घेतले. कल्पना अचूक होती, पण तिला साजेसा सिलिंडर कोणालाच करता येईना. सिलिंडर कोठे रुंद, कोठे अरुंद. पिस्टनच्या कडेने वाफ निसटून जाई. वॅटने चिंध्या, बूच, कागद, जुन्या टोप्यांचा नमदा असे नाना प्रकार फटीत कोंबून पाहिले. वाफ काही थांबली नाही.

४/ दोष कारागिरांच्या निष्ठेचा नव्हता, यंत्राचा होता. त्या काळी सिलिंडर आतून कापताना कापणारे टोक एका लांब दांड्यावर असे आणि त्या दांड्याला आधार एकाच बाजूला. मोकळे टोक ओतीव लोखंडाच्या उंचसखल पृष्ठभागाच्या मागे मागे जाई. परिणामी भोक गुळगुळीत होई, पण सरळ होत नसे.

५/ आजच्या ग्राहकानेही हा भेद मनात कोरून ठेवावा. चकचकीत सिलिंडर आणि खरा सिलिंडर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली डोळ्यांना दिसते. दुसरी फक्त मोजून कळते.

६/ उत्तर सापडले तोफांच्या कारखान्यात. जॉन विल्किन्सन या लोखंड कारखानदाराने १७७४ मध्ये भरीव तोफ कोरण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यानंतर लवकरच वेल्समधील बर्शम येथे त्याने सिलिंडरसाठी निराळे यंत्र उभारले. त्यात कापणारा दांडा सिलिंडरच्या आरपार जाई आणि दोन्ही टोकांना त्याला आधार असे. आता दांडा लोखंडाचे ऐकेना. लोखंडालाच दांड्याचे ऐकावे लागले.

७/ वॅटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने त्या कामाची वाखाणणी केली ती मोजमापाच्या भाषेत: ५० इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये एका जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक नाही. म्हणजे सव्वा मीटरहून मोठ्या भोकात साधारण मिलिमीटरभर. आज हसू येईल; पण १७७६ मध्ये वॅटची इंजिने कामाला लागली ती या मिलिमीटरच्या बळावर.

८/ येथे एक व्यावहारिक बारकावा आहे. बोल्टन आणि वॅट सुरुवातीला संपूर्ण इंजिन विकत नसत. ते आराखडे, काही नाजूक भाग आणि देखरेख देत. सिलिंडर ग्राहकाने स्वतः विकत घ्यावयाचा, आणि तो विल्किन्सनकडूनच घ्यावा असा त्यांचा आग्रह असे. कोणते काम कोणाच्या यंत्रावर होणार, हे तेव्हाही व्यवहाराचे मर्म होते.

९/ आणि त्यांची किंमत? जुन्या न्यूकोमेन पद्धतीच्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या एक तृतीयांश रक्कम. इंजिनाचे फेरे मोजणारा गणक कुलूपबंद पेटीत असे. आश्वासनाची किंमत मोजमापावर बांधलेली असावी, हे तत्त्व त्यात होते. तरीही कॉर्नवॉलच्या खाणमालकांशी पैशांवरून वाद झाले आणि प्रकरणे न्यायालयात गेली.

१०/ विल्किन्सनची कथा मात्र गोड शेवटाची नाही. त्याने परवानगीशिवाय, हक्काचे पैसे न देता वॅटच्या धर्तीची इंजिने बांधून विकल्याचे १७९० च्या दशकात उघड झाले. बोल्टन आणि वॅट यांनी सोहो येथे स्वतःचा ओतकाम कारखाना काढला. कुशल हात आणि सचोटीचा हिशेब एकाच माणसात असतीलच असे नाही. दोहोंची पारख वेगवेगळी करावी लागते.

११/ आता एकदम १९०८. इंग्लंडमधील ब्रुकलँड्सचा धावमार्ग. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण सुट्या करण्यात आल्या. भाग एकमेकांत मिसळले, काही भाग काढून त्यांच्या जागी गोदामातले घातले. मग साध्या पान्यांनी आणि स्क्रू-ड्रायव्हरांनी तीन गाड्या पुन्हा जोडल्या. कानस वापरण्यास मनाई होती.

१२/ त्या तिन्ही गाड्या ५०० मैल धावल्या आणि कॅडिलॅकला ड्यूअर करंडक मिळाला. कंपनीचा प्रमुख हेन्री लेलंड हा बंदुकांच्या आणि मापनयंत्रांच्या कारखान्यांत तयार झालेला माणूस. 'हातात घेऊन घासून बसवणे' हे कौशल्य नसून मोजमापातली कसर आहे, हे त्याने जगाला दाखवले.

१३/ मोजायचे कशाने, याचे उत्तर स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सनने दिले. एस्किल्स्टूना येथील रायफल कारखान्यात काम करताना त्याने १८९६ मध्ये १०२ पोलादी ठोकळ्यांचा संच कल्पिला. ते ठोकळे एकमेकांना चिकटवून हजारो निरनिराळी मापे उभी करता येत. १९२३ मध्ये तो फोर्ड कंपनीत गेला. मायक्रोमीटर बरोबर आहे की नाही, हे ठरवणारे पंच म्हणजे हे ठोकळे.

१४/ मग शर्यतीच्या इंजिनाचे वेगळेपण कशात? कारखान्यातून आलेला प्रत्येक भाग ठरावीक कमाल आणि किमान मापांच्या मधे कोठेतरी असतो. साध्या गाडीला तेवढे पुरते. शर्यतीचे इंजिन बांधणारा मात्र प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्याच मापाचा सिलिंडर होन करतो. जुन्या कारागिराचे 'जुळवणे' येथे परत येते. पण अंदाजाने नव्हे, आकड्याने.

१५/ याचे शिखर पाहावयाचे तर नॉर्थॅम्प्टनच्या कॉसवर्थकडे जावे. कीथ डकवर्थने फोर्डसाठी दोन शर्यती इंजिने करण्याचे काम एक लाख पौंडांत स्वीकारले. त्यातील ३ लिटरचे, व्ही आकारातील आठ सिलिंडरांचे डीएफव्ही ४ जून १९६७ रोजी झांडफोर्टच्या शर्यतीत प्रथम उतरले आणि जिम क्लार्कने ती शर्यत जिंकली.

१६/ पण त्याच दिवशी, तेच इंजिन असलेली ग्रॅहॅम हिलची गाडी आघाडीवरून बाद झाली. कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या गिअरचे दात तुटले होते. मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर प्रत्येक पिस्टन सेकंदाला ३०० वेळा दिशा बदलतो. तेथील लहानशी कंपनेही पोलाद थकवतात. डकवर्थने पुढे त्या गिअरमध्ये बारीक पिळदार दांड्यांची लवचिक रचना घालून हा दोष आवरला.

१७/ पुढील वर्षापासून हे इंजिन इतर संघांनाही ७,५०० पौंडांत मिळू लागले, आणि त्याभोवती एक नवा धंदा उभा राहिला: डीएफव्ही उघडून पुन्हा बांधणाऱ्या स्वतंत्र कार्यशाळांचा. विकत घेतलेले इंजिन ही केवळ सुरुवात होती. ठरावीक तासांनी ते उघडावे, तपासावे, थकलेले भाग मोडण्याआधीच बदलावेत, हा खर्च अटळ होता. या इंजिनाच्या घराण्याने १९८३ पर्यंत १५५ ग्रां प्री जिंकल्या, त्यात या अनामिक हातांचाही वाटा आहे.

१८/ आता ती दोन कोटेशने पुन्हा उघडू. दोन पानांच्या कागदावर पहिली ओळ होती: इंजिन खोलणे, धुणे, मोजणे आणि भेगांची चाचणी. त्याखाली टीप: 'पुढील आकडे अंदाजी, मापे घेतल्यावर पक्के होतील.' वाचकाला ही पळवाट वाटली. वस्तुतः ती प्रामाणिकपणाची खूण होती. न उघडलेल्या इंजिनाची पक्की किंमत सांगणारा माणूस एकतर अंदाज करतो, किंवा पुढे वाढवण्याची जागा राखून ठेवतो.

१९/ पुढची ओळ: 'टॉर्क प्लेट लावून होनिंग.' हेडचे बोल्ट आवळले की ब्लॉक किंचित पिळवटतो आणि गोल सिलिंडर गोल राहत नाही. म्हणून हेडच्या जागी जाड पाट बसवून, तोच ताण देऊन मग होनिंग करतात. विल्किन्सनने दांड्याला दुसरा आधार दिला. ही त्याच विचाराची पुढची पायरी. यासाठी जादा पैसे मागणे रास्त आहे.

२०/ मग क्रँक ग्राइंडिंग, मेन बेअरिंगांच्या ओळीची तपासणी, फिरत्या भागांचे बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह सीट. प्रत्येक कामापुढे वेगळा आकडा. आणि शेवटी: 'सर्व मापांचा तक्ता ग्राहकास दिला जाईल.' दोन इंचांच्या जर्नलला बेअरिंगमध्ये साधारण दोन थाउ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, मोकळीक असा जुना ठोकताळा आहे. ती प्रत्यक्षात किती ठेवली, हे लिहून देणारा माणूस स्वतःला बांधून घेतो.

२१/ तरीही महाग म्हणजे चांगले, असा निष्कर्ष मी काढला नाही. दोन पानांच्या कागदातही एक खोट होती: क्रँक तपासण्याआधीच नवीन क्रँकची किंमत बेरजेत धरलेली. आणि एका ओळीचा माणूस कदाचित उत्तम कारागीर असेल. त्याला लिहिण्याची सवय नसेल. म्हणून वाचकाला मी दोघांनाही तेच तीन प्रश्न विचारण्यास सांगितले.

२२/ काय मोजणार? कशाने मोजणार, आणि ते मापनयंत्र शेवटचे कधी पडताळले? मोजलेले मला लिहून देणार का?

२३/ पहिल्याने हसून सांगितले, तीस वर्षांचा हात आहे, मोजायची गरज पडत नाही. दुसऱ्याने आधी फक्त खोलणे आणि मोजणे एवढ्याचेच पैसे घेण्याची तयारी दाखवली. मापे आली तेव्हा जुना क्रँक वापरण्याजोगा निघाला, ती रक्कम कोटेशनमधून उतरली, आणि वाचकाने तेथेच काम दिले.

२४/ हाताच्या कौशल्याचा अनादर येथे अभिप्रेत नाही. वॅटच्या आसपासचे कारागीरही वाकबगार होते. पण एक शिलिंगची जाडी कोणीतरी मोजली, आणि तेव्हापासून 'चांगले काम' या शब्दांना आकड्याचा आधार मिळाला. पुढच्या वेळी कोणी तुम्हाला गोल रक्कम सांगेल, तेव्हा तो आकडा मागा.

तुमच्या गावातल्या जुन्या मशीन शॉपच्या, तिथल्या लेथ आणि बोअरिंग यंत्रांच्या आठवणी असतील तर खाली अवश्य लिहा. पुढचा थ्रेड त्यांवरच करू. (समाप्त)