तारबाबूंचा संप आणि बारा तासांचा हिशोब

मित्रहो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

परवा सकाळी आपल्या स्टेशनबाहेरच्या टपरीवर उभा होतो. पॅसेंजर अर्धा तास आउटरला अडकून आली होती. उतरलेले एक ओळखीचे गृहस्थ तावातावाने म्हणाले, "झोपले असतील केबिनमध्ये. फुकटचा पगार खातात लेकाचे." चार जणांनी मान डोलावली. मी गप्प बसलो, कारण वीस वर्षांपूर्वी जवळपास हेच वाक्य मी स्वतः छापलेलं आहे.

तेव्हा मी डिप्लोमा करून नुकताच एका दैनिकाला चिकटलो होतो. एका छोट्या स्टेशनावर (नाव नको) रात्री सव्वातीनला एक गाडी सिग्नलला पाऊण तास उभी राहिली. स्टेशनमास्तरांना डुलकी लागली होती. मी झणझणीत मथळा दिला, बातमी गाजली, मास्तर सस्पेंड झाले. काही महिन्यांनी एका लग्नाच्या पंगतीत ते माझ्या शेजारीच बसले. ओळख पटल्यावर शांतपणे म्हणाले, "भाऊ, बातमी तुमची बरोबरच होती. फक्त मी ड्यूटीवर कधीपासून होतो, तेवढं विचारलं नाही तुम्ही."

ते सकाळी आठपासून होते. रात्री आठला येणारा रिलीव्हर आलाच नव्हता. म्हणजे डुलकी लागली तेव्हा एकोणीस तास उलटून गेले होते. बारा तासांची ड्यूटी, त्यावर आणखी सात.

तो घास मला अजून आठवतो. त्यानंतर रेल्वेच्या तासांबद्दल जे हाती लागेल ते वाचत गेलो. त्यातलं थोडं आज सांगतो.

सुरुवात १८९९ पासून करू. आपल्या भागातून जाणारी रेल्वे तेव्हा जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी पळवणारी हीच कंपनी. भोर घाट तिने १८६३ ला फोडला, थळ घाट १८६५ ला, आणि १८७० ला भुसावळमार्गे जबलपूरपर्यंत जाऊन पोचली. मालक लंडनला. सरकारने कंपनीला गुंतवणुकीवर पाच टक्क्यांची हमी दिलेली, म्हणजे धंदा चालो न चालो, इथल्या रयतेच्या पैशातून भागधारकांचं व्याज सुटणार.

या कंपनीत 'सिग्नलर' म्हणून एक वर्ग होता. आज सिग्नलवाला म्हटलं की आपल्याला दांडा ओढणारा डोळ्यापुढे येतो. तेव्हाचा सिग्नलर म्हणजे तारबाबू. स्टेशनात तारयंत्रापुढे बसायचं आणि कट्ट-कड-कट्ट करत पुढच्या स्टेशनाला विचारायचं: अमुक नंबरची गाडी सोडू का? पलीकडून 'लाइन क्लिअर' आलं की ते कागदावर उतरायचं, आणि मग गाडी हलायची. एकेरी मार्गावर दोन्ही बाजूंनी गाड्या. एक शब्द चुकला, एक नंबर उलटा लिहिला गेला, की समोरासमोर धडक. आजच्यासारखं चूक दिसली की आपोआप अडवणारं यंत्र त्या वेळी बहुतेक ठिकाणी नव्हतं. यंत्र म्हणजे त्या पोराचा कान.

शिक्षण काय? इंग्रजी वाचता-लिहिता यायला हवं, मोर्सची लिपी बोटात आणि कानात बसायला हवी. बोटांना सवय होते हो, पण कानाला वेळ लागतो. पलीकडच्या माणसाचा 'हात' ओळखता यायला लागतो, म्हणजे ठोके ऐकूनच कळतं की आज तिकडे कोण बसलाय. एवढं कसब अंगी आणून मिळायचं काय, तर तुटपुंजा पगार आणि लांबलचक पाळ्या. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन नोकरांचा मान, पगार आणि बढती वेगळी, आपल्या माणसांची वेगळी.

आता कायदा बघा. १८९० चा रेल्वे कायदा, कलम १०१. नोकराने नियम मोडून किंवा हलगर्जीपणाने प्रवाशांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद. ठीक आहे, असायलाच हवं. पण त्या माणसाला सलग किती तास बसवायचं, याबद्दल त्याच कायद्यात १८९० साली एक ओळसुद्धा नव्हती. चुकलास तर तुरुंग. थकलास तर तुझं तू बघ.

एप्रिल-मे १८९९ मध्ये जीआयपीच्या सिग्नलरांनी काम बंद केलं. मागण्या पगाराच्या, कामाच्या तासांच्या आणि नोकरीच्या अटींच्या. त्याआधी रेल्वेत कुणी तोंड उघडलंच नव्हतं असं नाही, १८६२ मध्ये हावड्याला सुमारे १२०० कामगारांनी आठ तासांसाठी काम थांबवलं होतं. पण १८९९ चा संप वेगळा ठरला, कारण त्याच्यामागे छापखाना उभा राहिला. टिळकांच्या 'केसरी' आणि 'मराठा'ने हा प्रश्न महिनोन् महिने लावून धरला.

काळ कसला होता ते लक्षात घ्या. प्लेगाने मुंबई-पुणं पोखरलेलं. टिळक १८९८ च्या सप्टेंबरात राजद्रोहाची शिक्षा भोगून बाहेर आलेले. अशा वेळी तारबाबूंच्या पगाराचा प्रश्न राष्ट्राचा प्रश्न म्हणून मांडला गेला. गिरणी कामगारांच्या वेळी हीच पुढारी मंडळी हातचं राखून बोलायची, कारण गिरण्यांचे मालक बरेचसे आपलेच होते. इथे मालक साहेब होता, त्यामुळे गळा मोकळा झाला. हे कडू आहे, पण खरं आहे. तरीही त्यातून झालं ते छोटं नव्हतं. मुंबईत फिरोजशहा मेहता आणि दिनशा वाच्छा, बंगालमध्ये सुरेंद्रनाथ टागोर यांनी सभा घेतल्या, संपकऱ्यांसाठी वर्गणी गोळा केली. पुढे सुरतेला ज्यांची तोंडं दोन दिशांना झाली ते टिळक आणि मेहता इथे एका बाजूला होते. तारबाबूंनी ती किमया केली.

पण तास? कायद्याने तास ठरायला त्या संपानंतर आणखी एकतीस वर्षं लागली. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मजूर परिषद झाली. जगाला दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. ब्रिटिश हिंदुस्थानला मात्र साठ. आपल्यासाठी वेगळं माप. तेही रेल्वेत आणायला १९३० ची कायदादुरुस्ती आणि १९३१ चे नियम यावे लागले. या नियमांत माणसांचे गट पाडले. सतत काम असलेल्याला, म्हणजे 'कंटिन्युअस'ला, आठवड्याला ६० तास. मधूनमधून काम असलेल्याला, म्हणजे 'इसेन्शियली इंटरमिटंट'ला, ८४ तास.

इथे थांबा. हा ८४ आकडा कुठून आला असेल? कागद-पेन्सिल घ्या.

आठवड्याचे एकूण तास १६८. त्याला दोनाने भागा. ८४. म्हणजे एका स्टेशनावर दोन माणसं ठेवली, एक दिवसा आणि एक रात्री, तर सातही दिवस, चोवीस तास भागतात. तिसरा माणूस लागत नाही. सुट्टीला बदली लागत नाही, कारण त्या हिशोबात सुट्टीच नाही. हा आकडा मला पहिल्यांदा फोडता आला तेव्हा रात्रभर झोप लागली नाही. मी ज्याला डुलकीवरून झोडपलं होतं, तो या भागाकाराच्या पोटातलाच माणूस होता.

आता पुढचे आकडे याच पट्टीने मोजा. ६० तासांचा आठवडा केला तर १६८ तासांना पावणेतीन माणसं लागतात. ५४ केला तर तीनहून जरा जास्त. ४८ केला तर साडेतीन, म्हणजे आठ-आठ तासांचे तीन आणि त्यांना सुट्टी देणारा चौथा, जो जवळच्या दुसऱ्या स्टेशनालाही वाटून घेता येतो. रेल्वेच्या भाषेत त्याला 'रेस्ट गिव्हर' म्हणतात. किती छान शब्द आहे, नाही? विश्रांती देणारा. रेल्वेतली तासांची प्रत्येक भांडणं शेवटी या एका जागेवर येतात: तो रेस्ट गिव्हर भरायचा की नाही.

हे आकडे बदलायला पुढे आला तो एक मराठी माणूस, आणि आपल्याकडे त्याचं नाव कुणाला माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं. मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष. १९४६ मध्ये रेल्वे कामगार फेडरेशन आणि रेल्वे यांच्या वादात त्यांना निवाड्यासाठी नेमलं. त्यांचा निवाडा १९४७ चा. त्यांनी एक नवा वर्ग ओळखला, 'इंटेन्सिव्ह'. म्हणजे जिथे सतत डोकं लावून बसावं लागतं आणि उसंत जवळपास नसते असं काम. त्याला ४५ तास. कंटिन्युअस ६० वरून ५४. इंटरमिटंट ८४ वरून ७५. मेंदू थकतो हे या देशाच्या रेल्वेने अधिकृतपणे मान्य केलं ते तेव्हा. घमेलं उचलणारा थकतो हे सगळ्यांना दिसतं. खुर्चीत बसून चार गाड्या डोक्यात धरणारा थकतो, हे पटवायला न्यायमूर्ती लागले.

त्यानंतर १९६९ मध्ये मियाभॉय ट्रायब्युनल बसलं आणि १९७२ ला त्याचा अहवाल आला. कंटिन्युअस ४८ वर आलं, इंटेन्सिव्ह ४२ वर. १९७४ चा संप तर आपल्यातल्या कित्येकांच्या घरातला विषय आहे. ८ मे ते २७ मे. पगार, बोनस, ड्रायव्हर-फायरमनचे तास. जॉर्ज फर्नांडिसांना संपाआधीच उचललं होतं. किती घरांत तेव्हा चूल बंद होती ते तुमच्या वडिलांना विचारा, माझ्या पोस्टची गरज नाही. बडतर्फ झालेल्यांना परत घेतलं ते १९७७ नंतर, मधू दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर.

आज काय आहे? २००५ चे नियम आहेत. इंटेन्सिव्ह ४२, कंटिन्युअस ४८. इंटरमिटंटमध्ये ४८ अधिक जादा तास धरून काहींचे ६०, काहींचे ७२. एखादं स्टेशन कुठल्या वर्गात, हे ठरवायला 'जॉब अॅनालिसिस' करतात. माणूस शेजारी बसून सलग ७२ तास नोंद घेतो, हा किती वेळ कामात आणि किती वेळ रिकामा. पाळीतला निम्मा किंवा जास्त वेळ रिकामा निघाला की इंटरमिटंट, आणि मग बारा तासांची पाळी. आता मला सांगा, पुढची गाडी कधी विचारेल या प्रतीक्षेत फोनशेजारी बसलेला माणूस रिकामा असतो का? जेवायला घरी जाऊ शकत नाही, आडवा होऊ शकत नाही. बातमीदार म्हणून मी सिव्हिल हॉस्पिटलच्या बाहेर रात्रभर बसलेलो आहे. तो वेळ रिकामा होता असं मला तरी कधी वाटलं नाही.

पगार पूर्वीपेक्षा बरा आहे, हे लपवायचं कारण नाही. सातव्या वेतन आयोगाने स्टेशनमास्तरची सुरुवात ३५,४०० मूळ पगारावर होते. सांधेवाल्याची, म्हणजे पॉइंट्समनची, १८,००० वर. आपली पोरं त्यासाठी क्लास लावतात ते उगाच नाही. पण परीक्षा पास झाली म्हणजे झालं नाही. मानसिक क्षमतेची चाचणी, डोळ्यांची कडक तपासणी, रंग ओळखता आलेच पाहिजेत. मग भुसावळच्या झोनल ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये नियमांचं जाडजूड पुस्तक, ब्लॉकची यंत्रं, धुक्यात काय, यंत्र बंद पडल्यावर काय. ते बंद पडलं की आजही कागदावरचं 'लाइन क्लिअर' हाताने लिहून द्यावं लागतं, १८९९ च्या तारबाबूसारखं. दर तीन वर्षांनी पुन्हा उजळणीचा कोर्स. जनतेची तार १५ जुलै २०१३ ला बंद झाली, लाइन क्लिअर हा शब्द मात्र चालूच आहे.

रात्रीचं वेगळं. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळातल्या प्रत्येक तासाला दहा मिनिटांचं जादा वजन धरून नाईट ड्यूटी भत्ता मिळतो. म्हणजे आठ तासांच्या रात्रीला ऐंशी मिनिटं. २०२० मध्ये आदेश आला की मूळ पगार ४३,६०० च्या वर असेल तर हा भत्ता नाही. ३५,४०० ला लागलेला पोरगा सात इन्क्रिमेंटमध्ये बरोब्बर ४३,६०० वर पोचतो, आठव्याला ओलांडतो. रात्र तीच, गाड्या त्याच, वय आठने वाढलेलं, आणि भत्ता गेला. स्टेशनमास्तरांच्या संघटनेने ३१ मे २०२२ ला सामूहिक रजेची हाक दिली होती. त्यात हा मुद्दा होता आणि रिकाम्या जागांचाही. म्हणजे पुन्हा तोच रेस्ट गिव्हर.

आणि जे सिग्नल दुरुस्त करतात त्यांची तर पाळी कागदावर एक, प्रत्यक्षात दुसरी. पावसात रात्री दोनला पॉइंट फेल झाला की फोन येतो, टॉर्च घेऊन रुळातून चालायचं. २ जून २०२३ ला बालासोरला काय झालं ते आपण टीव्हीवर पाहिलं. सिग्नलच्या वायरिंगमधली चूक, आणि २९० हून अधिक माणसं गेली. अटक झाली ती सिग्नल खात्यातल्या तिघांना. दोष कुणाचा ते कोर्ट ठरवेल. मी फक्त एवढं बघत होतो की कुठल्या चॅनेलवर कुणी त्या विभागाचं रोस्टर दाखवतंय का. मला दिसलं नाही. मीही वीस वर्षांपूर्वी दाखवलं नव्हतं.

ते मास्तर आता निवृत्त आहेत, गावातच असतात. ही पोस्ट टाकण्याआधी त्यांना वाचून दाखवली. म्हणाले, "भाऊ, त्या रात्रीचा रिलीव्हरही मुद्दाम नव्हता आला नाही. त्याचा पोरगा अॅडमिट होता. तेही लिहा." लिहिलं.

आता एक काम. कुणाच्या आजोबा-पणजोबांनी जीआयपीत तारबाबू, केबिनमन किंवा सांधेवाला म्हणून नोकरी केली असेल आणि घरात जुनं सर्टिफिकेट, ड्यूटीचा तक्ता, पगाराची पावती, दंडाची नोटीस असं काही पेटीत पडलेलं असेल, तर टाकून देऊ नका. फोटो काढून मेसेजमध्ये पाठवा. सुटीच्या दिवशी मी स्वतः येऊन बघेन. ड्यूटीचा तक्ता असेल तर आधी तो.