काचेतला समुद्र आणि त्याचे मजूर



कामगार संघटनेच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत माशांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. पण आम्हा मंडळींना एक खोड असते. कोणी सुंदर वस्तू दाखवली की ती कोणाच्या हातून आली आणि त्याच्या पदरात काय पडले, हे आम्ही आधी विचारतो. घरातल्या काचेच्या पेटीत जिवंत प्रवाळ वाढवायचे आणि त्याच्या फांद्यांत बोटाच्या पेराएवढे मासे पाळायचे, हा छंद आज जगभर पसरला आहे. त्याचा इतिहास मी याच खोडीने वाचला.

प्रथम त्या माशाची ओळख करून देतो. त्याला गोबी म्हणतात. आपल्याकडे गोबी म्हटले की भाजी आठवते, नाही तर वाळवंट; हा दोन्हींपैकी कोणी नव्हे. मुंबई-रायगडच्या खाडीतल्या चिखलात उड्या मारणारा निवट्या ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या अफाट गोतावळ्यातला एक भाऊबंद ठाऊकच आहे. निवट्या चिखल धरून राहतो, तर प्रवाळातला गोबी सारा जन्म एका प्रवाळाच्या फांद्यांत काढतो. गोबिओडॉन या कुळीतले मासे चार-पाच सेंटिमीटरच्या पलीकडे सहसा जात नाहीत. पिवळे, हिरवे, तांबड्या ठिपक्यांचे. अंगावर खवले नाहीत. मात्र त्वचेतून एक विषारी बुळबुळीत स्राव येतो. ब्रायन लॅसिग या संशोधकाने १९८१ साली या विषाचा अभ्यास प्रसिद्ध केला. थोड्या पाण्यात हा स्राव मिसळला की दुसरे मासे तोल जाऊन उलटतात. दुबळ्याला निसर्गाने दिलेले हे हत्यार.

त्याचा संसारही मुलखावेगळा आहे. कोणतेही दोन गोबी एका प्रवाळावर आले तर त्यांची जोडी जमते, कारण गरज पडेल तसे मादीचा नर आणि नराची मादी, असे दोन्ही बाजूंनी पालटणे त्यांना साधते. हे १९९० च्या दशकात जपानी आणि ऑस्ट्रेलियन संशोधकांनी दाखवले. जोडी प्रवाळाच्या फांदीवरचा एक पट्टा खरवडून साफ करते, तिथे अंडी घालते, आणि बाप पहारा देतो. पेटीत पाळणाऱ्याला म्हणूनच दोन गोबी आणले की पुरते, नरमादी निवडण्याची यातायात नाही. पण जोडीसाठी प्रवाळ लहान असेल आणि त्यावर तिसरा टाकला, तर त्या तिसऱ्याचे हाल पाहवत नाहीत.

हे हाल समजावून घ्यायचे तर ऑस्ट्रेलियाच्या लिझार्ड बेटाजवळचे एक संशोधन पाहिले पाहिजे. मॅरियन वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे गोबीच्याच दुसऱ्या एका पिवळ्या जातीचा अभ्यास करून तो २००७ आणि २००८ साली प्रसिद्ध केला. या जातीत एका प्रवाळावर अनेक मासे राहतात आणि त्यांची उंचीनुसार रांग असते. वरचे दोघेच प्रजा निर्माण करतात; बाकीचे पाळीची वाट पाहतात. खालच्याचा आकार वरच्याच्या फार जवळ आला की वरचा त्याला प्रवाळाबाहेर हाकलतो, आणि उघड्या समुद्रात हाकललेला लहान मासा म्हणजे मेलेलाच. म्हणून खालचे मासे अन्न समोर असूनही कमी खातात. पोट मारून आपली जागा राखतात! गिरणीच्या दारात पहाटे उभा राहणारा बदली कामगार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वाचून काय वाटेल ते मी सांगायला नको. अर्थात उपमा फार ताणू नये. माशांना सभा घेता येत नाही.

आता पेटीकडे वळू. समुद्रातले जीव काचेत ठेवून पाहण्याची युक्ती रूढ केली ती एका शिवणकाम करणाऱ्या बाईने. जान व्हिल्प्रे ही फ्रान्समधल्या ज्यूयाक गावच्या चांभाराची मुलगी, जन्म १७९४ चा. पॅरिसला जाऊन ती कपडे शिवू लागली; १८१६ साली एका राजकन्येच्या लग्नाचा पोशाख तिच्या हातून झाला. पुढे पॉवर नावाच्या व्यापाऱ्याशी लग्न करून ती सिसिलीतल्या मेसिना बंदरात राहिली आणि तिथे स्वतःच पुस्तके वाचून प्राणिशास्त्र शिकली. १८३२ पासून तिने काचेच्या पेट्यांत अर्गोनॉट नावाचा आठ हातांचा प्राणी पाळला आणि तो आपला शंख स्वतःच बनवतो, दुसऱ्याचा चोरत नाही, हे सिद्ध केले. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेल्या माणसाने काय करावे, याचा हा मला फार जवळचा दाखला आहे.

यानंतर लंडन. १८४५ साली इंग्लंडात काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. १८४६ साली अॅना थिन या उमरावघराण्यातल्या बाईने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्र दूर, पाणी बदलणे अवघड, आणि साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपला की जीव गुदमरणार. तोड अशी निघाली की पाणी खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, पाऊण पाऊण तास ओतत राहायचे. ओतत कोण होते? घरची छोटी मोलकरीण. हे काम दमवणारे होते खरे, पण पोरीला त्यात गंमतच वाटे, असे बाईसाहेबांनी लिहून ठेवले आहे. त्या पोरीचे मत कोणी टिपून घेतलेले नाही, नावही नाही. प्रवाळ मात्र जगले, वर्षानुवर्षे जगले, आणि अॅना थिन यांचे नाव इतिहासात राहिले. लंडनमधला पहिला प्रवाळाचा समुद्र एका मुलीच्या दंडांवर उभा होता, हे वाक्य मला कोणत्याच पुस्तकात आढळले नाही, म्हणून येथे म्हणून ठेवतो.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले, १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांचे पुस्तक निघाले, आणि घरोघर पेट्यांचे वेड शिरले. लोकांनी किनाऱ्यावरची खडकांतली डबकी अशी लुटली की गॉस यांच्याच मुलाने, एडमंड गॉस याने, १९०७ च्या आपल्या आत्मचरित्रात त्याबद्दल हळहळ व्यक्त केली. आवडीने केलेली लूटही लूटच असते.

मधली पन्नाससाठ वर्षे मी भरभर ओलांडतो. मोलकरणीच्या जागी विजेचा पंप आला. आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि समुद्राकाठी राहूनही समुद्राच्या आत कधी न पाहिलेल्या हजारो लोकांनी काचेला नाक लावले. पण घरच्या पेटीत प्रवाळ काही टिकेना. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो आणि तो विष आहे. गाळण्या आणि औषधे घालूनही प्रवाळ काही आठवड्यांत पांढरे पडत.

उत्तर आले ते प्रयोगशाळेतून नव्हे, जाकार्ताच्या एका हौशी माणसाकडून. ली चिन एंग याने १९६१ साली आपली रीत प्रसिद्ध केली: समुद्रातले जिवाणूंनी भरलेले ‘जिवंत’ खडक, ऊन, खरे समुद्राचे पाणी, आणि हवेचे बुडबुडे. खडकातले जिवाणू अमोनियाचे रूपांतर निरुपद्रवी पदार्थांत करतात. हाही एक कामगारवर्गच, न दिसणारा. पुढे जर्मनीत फेस काढून घाण वेगळी करणारे यंत्र आणि प्रखर दिवे त्याला जोडले गेले, आणि १९८० च्या दशकात बर्लिनच्या डीट्रिख श्ट्यूबर याच्याकडे ॲक्रोपोरा प्रवाळ पेटीत वाढू लागले. त्याने फांद्या तोडून मित्रांना वाटल्या. मित्रांनी त्यांच्या मित्रांना. कढीपत्त्याचे रोप जसे शेजारी पसरते, तसे ते प्रवाळ देशोदेशी पोचले. गोबिओडॉनला राहायला ॲक्रोपोरा हवे. ते घरात आले, तेव्हाच या माशाला पेटीत खरे घर मिळाले.

परंतु मासा कुठून यायचा? फांद्यांत शिरून बसणारा मासा साध्या जाळ्यात येत नाही. फांदी मोडावी तरी लागते, नाही तर त्याला गुंगी तरी आणावी लागते. फिलिपाइन्समध्ये १९६० च्या दशकात शोभेचे मासे धरण्यासाठी सोडियम सायनाइड वापरणे सुरू झाले. गोळी पाण्यात विरघळवायची, प्लॅस्टिकच्या बाटलीतून फटीत पिचकारी मारायची, झिंगलेला मासा उचलायचा. प्रवाळ मरते, मासाही पुष्कळदा वाटेत किंवा ग्राहकाच्या घरी मरतो. पाणबुड्या काय करतो? नावेवरच्या हवेच्या कॉम्प्रेसरची नळी तोंडात धरून खोल उतरतो, आणि घाईने वर आला की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन लुळा पडतो, प्रसंगी मरतो. १९७५ च्या हुकमाने विष घालून मासे धरणे तिथे गुन्हा ठरले होते. १९८० च्या दशकात तिथल्या संस्थांनी पाणबुड्यांना बारीक विणीच्या जाळ्याने मासे धरण्याचे शिक्षण दिले. पण जाळ्याने कमी मासे सापडणार आणि दलाल भाव तोच देणार, वर दलालाचे कर्ज डोक्यावर. अशा माणसाला नीतिपाठ देऊन काय उपयोग? दर न वाढवता कामाची रीत सुधारा म्हणणारे मालक मी फार पाहिले आहेत.

दुसरा मार्ग पैदाशीचा. फ्लोरिडात १९७० च्या दशकात मार्टिन मो यांनी क्लाउन मासा आणि निळ्या पट्ट्याचा निऑन गोबी काचेतच वाढवून विकायला काढले. पुढे प्रवाळातले क्लाउन गोबीही तिथल्या पैदास केंद्रांतून येऊ लागले. ज्याला गोबी पाळायचा आहे त्याने असाच मासा मागावा, हे मी निःशंकपणे सांगतो. तो पेटीतले खाणे लवकर खाऊ लागतो आणि त्याच्यापायी प्रवाळ मोडलेले नसते. आपल्या देशात तर दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या कडक संरक्षणात आहे. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रातून एक फांदी घरी आणणे हा गुन्हा आहे.

तरीही पैदाशीने सारा प्रश्न सुटला असे मी मानत नाही. २००३ च्या संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाप्रमाणे जगात वर्षाला दोन कोटींहून अधिक शोभेचे समुद्री मासे विकले जात होते, १,४७१ जातींचे, आणि त्यांतले बहुतेक सारे समुद्रातून धरलेले. त्याच अहवालात आहे की २००० साली मालदीवच्या शोभेच्या माशांची किंमत किलोला सुमारे ५०० डॉलर होती, आणि प्रवाळातल्या खाण्याच्या माशांची सुमारे ६ डॉलर. म्हणजे थोडे मासे, जपून धरले आणि रास्त भाव मिळाला, तर पाणबुड्याचे घर चालते आणि प्रवाळ राखण्यात त्याचाच स्वार्थ उरतो. फ्लोरिडात पैदास झाली की तो बेकार होतो. बेकार माणूस प्रवाळाचा पहारेकरी का होईल? मला दोन्ही हवेत: पैदासही, आणि जाळ्याने धरणाऱ्याला दामदुप्पट दरही. हे परस्परविरोधी आहे असे काही मित्र म्हणतात, म्हणोत.

या वादात आता तिसरा पक्ष शिरला आहे, तो म्हणजे तापलेले पाणी. लिझार्ड बेटाला २०१४ आणि २०१५ साली दोन चक्रीवादळांनी झोडपले, आणि लगेच २०१६ आणि २०१७ साली पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले. त्यानंतर तिथे ॲक्रोपोरातल्या गोबींची गणती झाली. प्रवाळ थोडे थोडे परत येत होते. मासे मात्र त्या वेगाने परतले नाहीत. बहुतेक प्रवाळ रिकामे सापडले. जिथे मासा होता तिथेही तो बहुधा एकटा किंवा दुकटा होता, रांग कुठेच उरली नव्हती.