आखाड्यावरचा उन्हाळा

पोळा झाला की चौथ्या दिवशी गणपती. नल्लकुंट्यातल्या आमच्या घरी पोळ्याला मातीची बैलजोडी आणतो, पूजा करतो, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतो आणि गणपती यायच्या आत ती जोडी कपाटावर जाते. गेल्या वर्षी धाकट्या मुलाने विचारले, “आपले खरे बैल कुठे असतात?” या प्रश्नाला आमच्याकडे एक ठरलेले उत्तर होते : उदगीर तालुक्यात, आपल्या आखाड्यावर. पण त्याच वैशाखात आमच्या चुलत भावाने हाळी-हंडरगुळीच्या बाजारात शेवटची जोडी विकली होती. मुलाला काय सांगावे ते सुचले नाही. म्हणून हा लेख.

हैदराबादच्या मराठी माणसाचा इतिहास लिहायचा म्हटले की आपण १९०७ सालच्या विवेक वर्धिनीपासून सुरुवात करतो, केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांची नावे आदराने घेतो, मग निजामाच्या कचेऱ्यांतल्या आपल्या आजोबा-पणजोबांकडे वळतो. ते योग्यच आहे. पण काचिगुडा, नारायणगुडा, नल्लकुंटा या भागांत स्थिरावलेल्या कितीतरी मराठी घरांच्या मागे मराठवाड्यातला एक गोठा उभा होता. त्याची नोंद आपण क्वचितच करतो.

आमचे गाव त्या वेळी बिदर जिल्ह्यात होते. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, बिदर जिल्हा विभागला गेला आणि उदगीर तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला. आजोबा नोकरीमुळे इकडेच राहिले. एका रात्रीत शेत एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात झाले. घरातल्या जुन्या ट्रंकेत धाऱ्याच्या उर्दू पावत्या आहेत. त्यांवर फसली साल आहे. ५९० किंवा महिन्यानुसार ५९१ मिळवले की आपले साल निघते, आणि खुर्दाद, तीर हे महिने म्हणजे आपला एप्रिल आणि मे. पावतीवर पैसे भरल्याची नोंद आहे, पण त्या खुर्दादमध्ये आखाड्यावर काय चालले होते ते कागदावर नाही. ते आम्ही आजीकडून ऐकले आणि थोडेफार लहानपणी सुट्टीत पाहिले.

नव्या पिढीसाठी सांगायला हवे की आखाडा म्हणजे तालीम नव्हे. मराठवाड्यात शेतावरच्या वस्तीला आखाडा म्हणतात : एक छप्पर, एक गोठा, कडब्याची गंजी, विहीर आणि खळे. आमची जमीन १४ एकर, सगळी कोरडवाहू. दावणीला देवणी बैलांची जोडी, एक गाय, एक म्हैस आणि चार-पाच उस्मानाबादी शेळ्या. देवणी हे आमच्याच भागाचे वाण. ज्या देवणीवरून हे नाव पडले ते गाव आज स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण आहे. सगळे पांढरे जनावर ते बालंक्या, पांढऱ्या अंगाचे पण तोंडावर काळे ते वानेरा, आणि अंगावर काळे ठिपके असलेले ते शेवरा. आमच्याकडे बहुधा वानेरा असत.

आजोबा दोन भाऊ. धाकटे शिकून हैदराबादला आले, ते आमचे आजोबा. थोरले आबा आखाड्यावर राहिले. उन्हाळ्यात त्यांचा दिवस चांदण्यातच सुरू होई. ऊन चढायच्या आत नांगरट उरकायची असे. लोखंडी नांगर एका जोडीला ओढवत नाही, म्हणून तीन-चार घरे सावड करत. आज आमच्या रानात, उद्या शेजाऱ्याच्या. नऊ वाजता औत सुटे, बैल लिंबाच्या सावलीला बांधले जात. दुपारी दावी वळणे, वखराची पास धारेला लावून आणणे, उकिरड्यातले खत गाडीने रानात नेऊन टाकणे. बायकांच्या वाट्याला शेणगोठा, गोवऱ्या, ताक, शिवाय शेवया-कुरडयांचे वाळवण. संध्याकाळी धार, आणि रात्री गंजीजवळ बाज टाकून झोप. उन्हाळ्यात गंजीला आगीची भीती मोठी असे.

आम्ही डिप्लोमा करून पाटबंधारे खात्यात लागलेले, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. मोठे जनावर उन्हाळ्यात दिवसाला साधारण ५० लिटर पाणी पिते. चार मोठी जनावरे धरली तर २०० लिटर, म्हणजे १२ लिटरच्या १७ घागरी. वैशाखात पाणी तळाला गेले की मोट भरत नसे, मग पोहऱ्याने शेंदावे लागे. विहीर ४० फूट धरली तर रोज ६८० फूट दोर हातातून वर यायचा. वासरू आणि शेळ्या वेगळ्याच. चाऱ्याचेही तसेच. जनावरामागे दिवसाला ७ किलो कडबा धरला तर पाडव्यापासून आषाढात हिरवे दिसेपर्यंतच्या १०० दिवसांना २८ क्विंटल लागतो. खळ्यावर रास किती झाली याच्याइतकेच गंजी किती उंच झाली याकडे थोरल्या आबांचे लक्ष असे, ते यामुळे.

या हिशेबात एक गोष्ट दडलेली आहे. १७ घागरी आज नाही, उद्या एकदम ३४ काढू, असे चालत नाही. गुरांना सुट्टी नसते. म्हणून दोन भावांपैकी एकाला तिथेच राहावे लागले. आजोबांच्या शिक्षणाचे कौतुक आमच्या घरात फार झाले. त्या शिक्षणासाठी दुसऱ्याने दोर ओढला, हे कोणी मोठ्याने म्हटले नाही.

उलट रागच धरला गेला. आमच्या वडिलांचे लग्न नल्लकुंट्यात झाले, वैशाखातच. थोरले आबा आले नाहीत. म्हैस व्यायला झाली होती, गंजी उघड्यावर होती, घरात दुसरा पुरुष नव्हता. इकडच्या मंडळींनी त्याचा अर्थ मानपानाचा लावला आणि पुढे कित्येक वर्षे तो विषय निघाला की आवाज चढत. आम्ही मुले मात्र दर मे महिन्यात विकाराबाद-बिदरमार्गे रेल्वेने उदगीरला जात होतो, आढीतले आंबे खात होतो आणि वासरामागे धावत होतो. आमच्यासाठी तो उन्हाळा म्हणजे मौज होती. तो कोणाचा तरी कामाचा हंगाम आहे, हे कळायला चाळिशी यावी लागली.

संकटाच्या काळातही हेच दिसते. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीने बायका-मुलांना सोलापूरकडे पाठवले, पण थोरले आबा गुरांपाशी राहिले. रात्री दावी सैल ठेवत, पळायची वेळ आली तर जनावर बांधलेले राहू नये म्हणून. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी एक बैल विकला, एक राखला आणि स्वतः खडी फोडायला दुष्काळी कामावर गेले. एरवी दर वर्षी ज्वारी-तुरीची पोती गावाहून नल्लकुंट्याला येत. त्या वर्षी पहिल्यांदा इकडून तिकडे मनीऑर्डर गेली, कडब्यासाठी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, तेव्हा चुलत भाऊ फोनवर एवढेच म्हणाला, “माणसाला गाडी आली रे दादा, जनावराला कोण आणणार?”

मग जोडी का विकली? दोष त्याचा नाही. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, पुढे अशी वाणे वाढली. दाणा वाढला, पण ताट बुटके झाले. नंतर लातूर भागात सोयाबीन पसरले. त्याने हातात पैसा दिला, पण गंजीला कडबा दिला नाही. ट्रॅक्टर तासावर मिळू लागला. ज्या बैलांना वर्षातले थोडेच दिवस काम, त्यांना १२ महिने विकतचा चारा घालणे एकट्या माणसाला झेपत नाही. त्याची मुले पुण्याला आहेत. दुसरा भाऊ मागे राहण्याची सोय आता तिकडेही उरलेली नाही.

यंदा दिवाळीनंतर आमच्या जमिनीची वाटणी व्हायची आहे. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावे आहेत. कायद्याने हिस्सा बरोबरीचा आहे आणि कायद्याशी आमचे भांडण नाही. पण गाव नमुना बारामध्ये पीक लिहायला रकाना असतो. पाणी कोणी शेंदले ते लिहायला नसतो. विहीर, आखाडा आणि लगतचे दोन एकर चुलत भावाकडेच राहावेत आणि ते आमच्या हिश्शातून जावेत, असे आम्ही घरात मांडले आहे. सगळ्यांना पटलेले नाही. भावाभावांत बोलणे चालू आहे. “जमिनीचा आजचा भाव माहीत आहे का?” असेही आम्हाला विचारले गेले. माहीत आहे. ६८० फूट दोराचाही हिशेब आता माहीत आहे.

नल्लकुंटा या नावाचा तेलुगूत अर्थ काळे तळे. इथले आपले तेलुगू शेजारी ज्येष्ठ पौर्णिमेला एरुवाका पुन्नमी म्हणतात, त्या दिवशी त्यांच्या गावी बैल पुजून पेरणीच्या कामाला हात घालतात. त्यांच्या घरीही असाच एखादा भाऊ मागे राहिला असेल. आपल्यापैकी ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढचे कोणी आहे, त्यांनी यंदा आरतीनंतर थोडा वेळ त्यांच्याजवळ बसावे आणि विचारावे : आपल्या आखाड्यावर कोण राहिले होते? नाव लिहून ठेवावे.

मुलाला आम्ही अजून पूर्ण उत्तर दिलेले नाही. या पोळ्याला मातीच्या जोडीसमोर त्याला थोरल्या आबांची गोष्ट सांगितली. त्याने वाटीभर पाणी आणून बैलांपुढे ठेवले. यंदा ती जोडी कपाटावर गेली नाही, गणपतीशेजारीच बसली आहे.